गिटारीच्या पोटातल्या दोन स्प्रिंगा

चौसाळ्यात गुप्तहेर म्हणून नाव घ्यावं अशी एकच व्यक्ती आहे, आणि नम्रपणे सांगायचं तर ती मी आहे. मंजुषा, बी.एस्सी. रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी. सध्या नऊ महिन्यांच्या संस्कृतीची पूर्णवेळ आई. माझी नजर घारीसारखी आहे असं लोक म्हणत नाहीत, पण त्यांनी म्हणायला हरकत नाही. समोरच्यांची सून माहेराहून हसून आली की रडून, हे मला तिच्या बॅगेवरून कळतं. संस्कृती रांगायला लागल्यापासून तर मी शिंकतानाही एक डोळा उघडा ठेवते. शास्त्र म्हणतं ते अशक्य आहे. पण शास्त्राला लेकरू नाही.

प्रकरण सुरू झालं रविवारी सकाळी.

आमच्या ह्यांचं, म्हणजे परमेश्वर यांचं, मोटार वाइंडिंगचं दुकान आहे; उरलेल्या वेळात ते एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. गिटार गेवराईहून जुनी घेतलेली. तिचं दुखणं एकच: सूर टिकत नाही. तार छेडली की 'टं' म्हणते आणि मान टाकते. ह्यांनी व्हिडिओ पाहून निदान केलं की दोष ट्रेमोलो ब्रिजचा आहे. तारा ज्या पट्टीवर टेकतात ती पट्टी हलती असते. गिटारीच्या पोटातल्या स्प्रिंगा तिला मागून ओढून धरतात. पट्टीला जोडलेली दांडी दाबली की सूर हेलकावतो. ह्यांना हेलकावा नको होता, लांबी हवी होती. म्हणून बेत असा की पोट उघडायचं, पट्टीमागच्या फटीत सागवानी तुकडा ठोकायचा, स्प्रिंगा आवळायच्या आणि पट्टी कायमची गप्प करायची.

ह्यांनी चटईवर गिटार पालथी घातली, मागचं झाकण काढलं आणि चहा प्यायला उठले. मी दूध उतरवायला गेले. चाळीस सेकंद. फार तर पन्नास.

"मंजू, दोन स्प्रिंगा कुठंयत?"

"किती होत्या?"

"पाच. स्प्रिंगा अडकवायचे आकडे पाच हायत, व्हिडिओत पाच हायत. हिथं तीनच."

चटईच्या कडेला संस्कृती बसली होती. तोंड बंद. जन्मापासून तिला तोंड बंद ठेवून बसलेली मी प्रथमच पाहत होते.

गुप्तहेरानं भावनेला थारा द्यायचा नसतो. म्हणून मी आधी रडून घेतलं, मग संशयितांची यादी केली.

पहिला संशय सासूबाईंवर. गिटार वाजली की त्या टीव्हीचा आवाज वाढवतात.

"आत्याबाई, मघाशी तुम्ही कुठं होता?"

"तुझ्या म्होरंच मेथी निवडीत बसले होते की. अळी हाय का बघा, तूच म्हनलीस."

त्यांची साक्षीदार मीच निघाले. संशयित सुटल्या.

दुसरा संशय ह्यांच्यावर. दुकानातली प्रत्येक वस्तू खिशात घालून आणायची सवय. झडतीत निघालं: टेस्टर, तांब्याची तार, तीन नट, बडीशेप. स्प्रिंग नाही.

उरली संस्कृती. पूर्वीचे गुन्हे सिद्ध: बिस्किटाचा कागद, चपलेचा पट्टा, वर्तमानपत्राचं पहिलं पान. मी तिला उलटं धरून पाठ थोपटायला लागले.

"अगं लेकराला कावून उलटं धरलंय?"

"आत्याबाई, तिनं स्प्रिंगा गिळल्यात!"

"बोटाएवढ्या दोन स्प्रिंगा गिळून लेकरू हसतंय व्हय?"

ह्यांनी दुकानातून चुंबक आणलं. जुन्या स्पीकरचं, बशीएवढं. मी ते पोटावरून हळूहळू फिरवलं. बेंबीपाशी खट्ट!

मी अशी किंचाळले की गल्लीतल्या दोन शेळ्या दावं तोडून पळाल्या.

"पिन हाय ती लंगोटाची," सासूबाई म्हणाल्या. "म्या लावली."

पण आता मी ऐकणार नव्हते. बीडला नेऊन एक्स-रे काढायचा ठरलं. ह्यांनी गाडी बाहेर काढली. मी लेकराला टोपडं बांधलं. घाईत गाठ तीनदा सुटली.

"थांबा बरं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी गिटार उचलून दारातल्या उन्हात धरली आणि पदरानं चष्मा पुसला. "ह्ये तीन आकडे बघ. घासून लखलखीत झालेत. आन् ह्ये दोन?"

मी वाकून पाहिलं. दोन्हींवर काळपट मेणचट थर.

"लई वर्षांची धूळ हाय ही. हिथं जल्मात कायबी अडकवलं न्हाई. तीनच व्हत्या." मग माझ्याकडं वळून, "तुला धूळ कवा दिसली म्हना आजवर!"

ह्यांनी गिटार विकणाऱ्या गहिनीनाथांना फोन लावला. पलीकडून हसू ऐकू आलं. "तीनच असत्यात बे बहुतेक! बाकीचे दोन आकडे जादा स्प्रिंगा लागल्या तर लावायला."

मी चटईवर बसले आणि संस्कृतीला इतकं घट्ट धरलं की तिनं तक्रार केली.

दुपारी सागवानी तुकडा बसला. ह्यांनी तार छेडली. टंऽऽऽ... सासूबाईंनी बशीतला चहा फुंकला, प्यायला, बशी विसळली, सूर चालूच. ह्यांच्या डोळ्यांत पाणी.

प्रकरण मिटलं. तरी मी दोन दिवस लंगोट गुपचूप तपासत राहिले. सिद्ध झालेली गोष्ट वेगळी आणि आईचं पोट वेगळं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लंगोटात एक बारीक, गोल, काळा मणी सापडला.

मी तो चिमटीत धरून उजेडात फिरवला. मग हात आपोआप गळ्याशी गेला. मंगळसूत्राच्या एका पदरात, उजव्या वाटीशेजारी, एका मण्याची जागा रिकामी होती; तिथला दोरा चोखून चोखून तुटलेला, पुढचे मणी गाठीला अडलेले.

"काय गं, गावलं का काही?" मागून सासूबाईंचा आवाज आला.

मी मणी नळाखाली सोडून दिला.

"न्हाई आत्याबाई," मी म्हणाले, आणि ओढणीचा गळ्याभोवती एक वेढा जास्त घेतला.