दाजींची दोन पंख्यांची गाडी

दाजी गावड्यांच्या दुकानात ब्लाउजपीस घ्यायला गेलेली बाई टर्बोचार्जर म्हणजे काय ते ऐकूनच बाहेर पडायची. कट्टा गावच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आणि शेजारी आमचं घर. कापड फाडता फाडता दाजी सांगायचे, "इंजिनाक पेट्रोल सगळेच घालतत. वारो कोण घालता?"

भात कच्चा राहो, पोरगा नापास होवो, निवडणुकीत कोणी आपटो, दाजींचं निदान ठरलेलं. "वारो कमी पडलो."

२००५च्या सुमारास त्यांनी जुन्या मोटारीचं छप्पर कापून दोघांपुरती स्पोर्ट्स कार केली आणि तिला वारा घालायला दोन पंखे बसवायचं ठरवलं. पहिला, सुपरचार्जर, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून सुरुवातीपासून जोर देतो, पण वेगात दमतो. दुसरा, टर्बो, धुराच्या झोतावर फिरतो. तो उशिरा जागा होतो आणि मग एकदम हिसका देतो.

"एकान उचलूचा, दुसऱ्यान पुढे न्हेवचा. मधी धको बसता नये," दाजी म्हणायचे.

कुडाळच्या मेकॅनिकने हात टेकले. "दाजी, एकच बसवया. घाट चढूक तितको पुरे."

दाजी ऐकेनात. पहिल्या चाचणीत हवेचा पाईप असा फाटकन उडाला की मासळीवाल्या टोपल्या टाकून पळाल्या. सांडलेले बांगडे दाजींनीच उचलले, आणि त्यांच्या बायकोला, आमच्या वयनींना, दोन दिवस तेच रांधावे लागले.

अखेर एका सकाळी गाडी फोंडाघाटाच्या पायथ्याशी उभी राहिली. दाजींशेजारी वयनी, कानाला मफलर गुंडाळून. मागे मोटारसायकलवर मेकॅनिक आणि मी. तिथल्या बाजारातली माणसं चहा ठेवून रस्त्यावर आली. गाडी बारीक शीळ घालत सुटली ती कुठे अडखळलीच नाही. भरलेले ट्रक मागे पडले, जीप मागे पडली, मग आम्हीही.

आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा ती कडेला उभी होती.

"दाजी, जिकलात," मेकॅनिक म्हणाला.

दाजींचं लक्षच नव्हतं. ते वयनींकडे वाकून विचारत होते, "पोटात ढवळता काय गो?"

"नाय ओ."

"चक्कर?"

"नाय."

वयनींचं माहेर घाटावरचं. एसटीच्या हिसक्यांनी त्या इतक्या आजारी पडत की त्यांनी माहेरी जाणंच सोडलं होतं. हे दाजींनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

वयनींनी मफलर सोडला, केस सारखे केले.

"चला की," त्या म्हणाल्या. "आई जेवायची थांबली असंल."

इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांची माहेरची बोली मी पहिल्यांदा ऐकली.