ओहायोचे मतदार, मुक्काम राजाजीनगर

"आमचा खासदार यंदा पडतोय, म्मा," घराची किल्ली हातात ठेवता ठेवता घरमालक माधवरावांनी मला सांगितलं. मी नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला आलेले. राजाजीनगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणार होते. परक्या गावात पहिल्याच दिवशी राजकारण नको म्हणून मी नुसती मान हलवली.

"इथला नव्हे," ते म्हणाले. "ओहायोचा."

माझ्या हातातून किल्ली पडली.

माधवरावांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. घराणं मराठी, पण इतक्या पिढ्या इथं काढल्यात की शिंक आली तरी कानडीत येत असेल. बाईमाणसाला 'म्मा' म्हणायचं, तेही तिथलंच. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगा अमेरिकेत. त्याच्याबद्दल विचारायचं नाही, असं शेजारच्या अक्कांनी मला आधीच बजावलं होतं. अण्णा स्वतः कधी देवनहळ्ळीच्या पुढं गेले नाहीत. तिथवरही गेले ते मुलाला विमानतळावर सोडायला.

आणि या माणसाला अमेरिकेतल्या बर्ट नावाच्या एका खासदाराचं चरित्र तोंडपाठ! बर्टसाहेबांच्या वडिलांचं फर्निचरचं दुकान, मग शाळेच्या मंडळावर निवड, मग पहिल्या निवडणुकीत सपशेल आपटी, मग निसटता विजय. साहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशी अण्णांनी इथं मारुतीला नारळ फोडला.

"दर दोन वर्षांनी परीक्षा असते, म्मा त्यांना! आमचे बघ. एकदा निवडून आले की पाच वर्षं फक्त फ्लेक्सवर."

बर्टविरुद्ध एक शब्द काढायची सोय नव्हती. त्याचा टाय भडक आहे, असं मी एकदा बोलून गेले. अण्णा दोन दिवस पाण्याची मोटर लावायला 'विसरले'.

बर्टने पुन्हा उमेदवारी जाहीर केली तेव्हा अण्णांनी इथल्या रिवाजाप्रमाणे सगळं केलं. आमदार असो की खासदार, भेटायला जाताना शाल, म्हैसूरची तयार जरीची पगडी आणि हातात एक लिंबू. टपाल कचेरीनं लिंबू घेतलं नाही. बाकीचं सगळं, एका पत्रासकट, अमेरिकेला गेलं.

मग एके दिवशी त्यांचा कॉम्प्युटर अडकला म्हणून त्यांनी मला खाली बोलावलं. पडद्यावर त्यांनी पाठवलेला एक अर्ज उघडा होता. मी वाचला आणि उडालेच. अस्सल कचेरीतल्या इंग्रजीत लिहिलं होतं, की मी आपल्या मतदारसंघातला रहिवासी असून आमच्या रस्त्यावर बर्फ पडल्यावर मीठ टाकलं जात नाही. माझा मुलगा सकाळी सहाला गाडी काढतो. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. खाली सही, आणि पत्ता ओहायोचा. असे अर्ज एक नाही, रांगच होती.

"अण्णा! हे खोटं आहे! पकडतील तुम्हाला!"

"स्वल्प हळू बोल. तिथला पत्ता नसला की अर्ज घेत नाहीत. मुलाचा टाकला. सगळीकडं तोच टाकतो, पगडीबरोबरच्या पत्रातसुद्धा." ते चष्मा पुसत राहिले. "साहेबांचं पत्रक येतं, म्मा, दर आठवड्याला. कुठला पूल बंद, कुठं वीज गेली, सगळं असतं. मुलगा कळवत नाही. खासदार कळवतो."

आईच्या अंत्यविधीला मुलाला पोहोचता आलं नव्हतं. अण्णा रागाच्या भरात फोनवर म्हणाले होते, आता येऊ नकोस. "लहानपणापासून सांगितलेलं ऐकणारा," ते म्हणाले. "आला नाही." याला चार वर्षं झाली होती.

बर्ट पडला. पत्रक बंद झालं. अण्णांनी दाढी करणं सोडलं, जेवण अर्ध्यावर आलं. अक्का म्हणाल्या, घरातलं माणूस गेल्यासारखं करतात. मला हसू आलं नाही. आता मुलाच्या गावी बर्फ पडला की नाही, हे अण्णांना कोण सांगणार होतं?

एका सकाळी मी उपमा घेऊन खाली गेले, तर अण्णांचा फोन वाजत होता. नाव बघून ते मागं सरले म्हणून मीच उचलला. पडद्यावर एक दाढीवाला माणूस, त्याच्या एका हातात जरीची पगडी आणि दुसऱ्या हातात अण्णांचं पत्र. बर्टच्या माणसांनी कचेरी रिकामी करताना आलेल्या भेटी परत धाडल्या होत्या, आणि त्या पत्रातल्या पत्त्यावर पोहोचल्या होत्या.



अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाले, "आपला खासदार पडला रे."

"ठाऊक आहे, अण्णा. यंदाच इथला नागरिक झालो, पहिल्यांदाच मत होतं." मुलानं पगडीची जर चाचपली. "मी त्याच्या विरुद्ध दिलं."

मी डोळे घट्ट मिटून घेतले. आता फोन आपटणार!

"सरी, असू दे," अण्णा म्हणाले. "ती डोक्यावर घाल. बघू दे."

मुलानं घातली, ती वाकडी. अण्णांनी हात पुढं केला आणि फोनच्या काचेवरच ती सरळ करू लागले. तिकडं मुलगा मान खाली वाकवून तसाच उभा राहिला.