पगडीच्या हजेरीची हकिकत

श्री औषधीपती चंद्रमा साक्ष. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, एका राज्यी वर्तमान ऐसे जाहले की, नगरात रूपशाळा बारा निघाल्या, तेथे सुई टोचून स्थूळास सडपातळ करीत, आणि सुईतले औषध मागल्या पडवीत चार कुप्या एकत्र ओतून सिद्ध होई. मग सरकारातून हुकूम सुटला, वैद्याचे हजेरीवाचून सुई लावू नये. वैद्यराज सखोपंत एक आणि शाळा बारा! त्यांणी बारा पगड्या करविल्या आणि शाळेशाळेत गादीवर एकेक ठेविली. ही हजेरी खरी की खोटी, हा तंटा औषधखात्याचे अमीन नारोपंत यांजपुढे आला, तेव्हा नारोपंतांनी हसून शेरा मारिला, "स्वारी नसता गादीवरील तलवारीस मुजरा होतोच की! पगडी तीच हजेरी."

ऐसियास तीन वर्षे गेली आणि दसऱ्याचे आदले दिवशी दोन प्रहरी खबर आली की, नारोपंतांचे कुटुंब गोदूबाई कोणास न सांगता रूपशाळेत गेल्या, सुई लागली आणि श्वास कोंडला. पंत अनवाणी धावले. पाहतात तो ओठ काळेनिळे, हात थंडगार. पंत ओरडले, "वैद्यास बोलवा!"

शाळेची कारभारीण चिमाबाई हात जोडोन म्हणाली, "सरकार, वैद्यराज हजर आहेत," आणि तिने गादीवरील पगडीकडे बोट केले. "आपलाच शेरा, भिंतीस लाविला आहे."

"अगे, सुईत काय होते ते तरी बोल!"

"ते मिसळणारा जाणे. कालचे उरले होते, त्यात आजचे ओतले म्हणत होता."

मग पंत स्वतः घोड्यावर बसले, आणि कोसभरावर बागेत वैद्यराज वामकुक्षी घेत होते, त्यांस बोडकेच उचलून आणिले. वैद्यांनी नाकात औषधी फुंकली, छाती चोळविली. दिवस कलता श्वास परतला. बाईंनी डोळे उघडले, पंतांस पाहिले आणि म्हणाल्या, "अगबाई! स्वतः आलात?"

पंतांस भडभडून आले. कारण शाळांची तपासणी तीन वर्षे पंतांची पगडीच पालखीत बसोन करून येत होती, आणि बाई ती रोज आपले हाते पालखीत ठेवीत.

दसऱ्याचे दरबारी पंत बोडके गेले, शेरा फाडिला, अपराध कबूल केला, आणि अमीनगिरी गेली. येणेप्रमाणे हकिकत. तेरा पगड्या जामदारखान्यात जमा आहेत. नारोपंत हल्ली बिनपगारी रूपशाळेच्या दारात उभे असतात, आणि आत जाणारीस विचारतात, "बाई, वैद्य डोळ्यांनी पाहिलात काय?"