शांतवनभाऊजींचं गरम पाणी

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक मराठी माणूस राहतो आणि इतक्या वर्षांत मी त्याला एक कप चहा पाजू शकलेले नाही. माझ्या हातचा चहा पिऊन शारजातल्या आमच्या बिल्डिंगचा पठाण वॉचमन पाणी बंद होण्याची बातमी आदल्या दिवशी आणून देतो. पण शांतवन भालेराव समोर बसले की माझं आलं, वेलची, सगळं वाया. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून नम्रपणे म्हणतात, "वहिनी, गरम पाणी चालेल."

आणि नुसतं पाणी कपबशीतच हवं. बशीत ओतायचं, फुंकर घालायची, भुरका मारायचा आणि वर "वा" म्हणायचं. पहिल्यांदा मला वाटलं, पोटाची तक्रार असेल. मग कळलं, भाऊजी मॉर्मन आहेत. म्हणजे ख्रिस्तीच, मूळचे नगरकडचे, पण त्यांचा पंथ अमेरिकेतला. त्या पंथात चहा नाही, कॉफी नाही, दारू-सिगारेटचं तर नावच नको. मी म्हटलं, दारूचं समजू शकते, पण चहानं कुणाचं घोडं मारलंय?

"वरून आलंय, वहिनी."

हे त्यांचं उत्तर. वरून म्हणजे त्यांच्या पंथाच्या वडीलधाऱ्यांकडून. एकदा वरून आलं की विषय खलास. एकदा वरून असंही आलं की यापुढे मॉर्मन म्हणायचं नाही, पंथाचं पूर्ण नाव घ्यायचं. ते नाव इतकं लांब आहे की लिफ्टमध्ये सुरू केलं तर आमचा मजला येईपर्यंत संपत नाही. भाऊजी तेव्हापासून पूर्ण नाव घेतात. मी अजून मॉर्मनच म्हणते. ते दर वेळी दुरुस्त करतात आणि मी दर वेळी विसरते.

आता तुम्ही म्हणाल, माणूस भोळा असेल. छे. हाच माणूस एरवी जगातल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात टाक्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये ते वेल्डिंग इन्स्पेक्टर आहेत. पोरांनी जोडलेले सांधे ठोकून बघायचे, टॉर्च मारून बघायचे आणि शंका घ्यायची, याचाच पगार. ती टॉर्च कायम खिशात. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पानावर बसण्याआधी त्यांनी माझ्या कुकरची शिटी काढून उजेडात धरून पाहिली. दूधवाल्यानं सांगावं ताजं आहे, तर हे म्हणणार, "कशावरून?" डॉक्टरनं सांगावं ॲसिडिटी आहे, "कशावरून?" गाडीत मोबाईलमधली बाई म्हणते उजवीकडे वळा, तर तिलाही, "कशावरून?" आमचे हे एकदा त्यांच्याबरोबर उम्म अल कुवैनला मासे आणायला गेले. त्या बाईशी वाद घालता घालता दोघं दोनदा समुद्राशी पोचले आणि मासळीबाजार बंद झाल्यावर घरी आले. मी पिठलं टाकलं.

तर असा हा माणूस. जगाला "कशावरून" आणि पंथाला "वरून आलंय". हे दोन्ही एका टाळक्यात कसं राहतं, हे माझं कोडं होतं.

बरं, वरून म्हणजे फार वरून असंही नाही. त्यांच्यात पगारी धर्मगुरू नसतात. तुमच्याआमच्यातल्याच एकाला बिशप करतात, काही वर्षांनी दुसऱ्याला. सध्याचे बिशप फिलिपिनो आहेत, एसी विकणाऱ्या कंपनीत सेल्समध्ये, भाऊजींपेक्षा पुष्कळ लहान. एकदा भाऊजींना खोकला झाला म्हणून मी गवती चहाचा काढा करून दिला. नावात चहा ऐकल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. "आधी विचारतो." बिशपांना फोटो पाठवला. खोकत खोकत उत्तराची वाट पाहिली. बिशपांचं उत्तर आलं की हे पान आम्ही चिकनमध्ये घालतो, खुशाल प्या. तोवर काढा गार झाला होता, पण भाऊजींनी तो गारच, आज्ञा पाळल्यासारखा संपवला.

याच बिशपांनी त्यांना प्रार्थनेच्या वेळी गाण्याचं नेतृत्व करायला सांगितलं. म्हणजे पुढे उभं राहून हात हलवायचे आणि सगळ्यांनी त्या तालावर गायचं. आता भाऊजींचा ताल म्हणाल तर, आमच्या घरी आरतीला टाळ्या वाजवताना ते एकटेच दोन टाळ्यांच्या मध्ये टाळी वाजवतात. मी म्हटलं, "अहो, नाही म्हणा की."

"सेवा दिली की घ्यायची, वहिनी. विचारायचं नाही."

मग काय, महिनाभर माझ्या हॉलमध्ये तालीम. मी पेटीवर सूर धरायचे, ते हात हलवायचे. आमचे हे पेपर घेऊन बेडरूममध्ये जायचे. गच्चीवर सराव करायला गेले तर वॉचमन धावत वर आला. त्याला वाटलं, साहेब कुणाला तरी मदतीला बोलावतायत. पुढे मी विचारलं, "कसं झालं?" म्हणाले, "लोक फार चांगले आहेत. माझ्याकडे कुणी बघत नाही."

आणखी एक गंमत. आखातात सुट्टी शुक्रवारची, म्हणून त्यांचा पवित्र वारही इथे शुक्रवार असायचा. त्या दिवशी खरेदी नाही. कोथिंबिरीची जुडीसुद्धा नाही, ती माझ्याकडून जायची. मग सरकारनं सुट्टी बदलली आणि यांचा वार शुक्रवारचा रविवार झाला.

मी म्हटलं, "भाऊजी, मग इतकी वर्षं देव शुक्रवारी येत होता तो चुकून?"

"वरून आलंय."

"कुठल्या वरून? देवाच्या की सरकारच्या?"

त्यांनी बशीतलं पाणी संपवलं, विचार केला. "आपण खाली राहतो वहिनी. दोन्ही वरच."

मी रिकामी कपबशी उचलली.

त्यांची बायको लीला मी पाहिलेली नाही. आम्ही या बिल्डिंगमध्ये यायच्या आधीच ती गेली. राहिली लेक, रूथ. तिला मी शाळेच्या गणवेशात पाहिलंय. दोन वेण्या, पाठीवर दप्तर आणि तोंडात प्रश्न. बापाचं "कशावरून" लेकीत पुरेपूर उतरलंय, फक्त ते इंग्रजीत येतं. "आंटी, व्हाय?" मी मराठीत सांगायचं, तिनं इंग्रजीत विचारायचं, असं आमचं मजेत चालायचं. फक्त ती जगाला विचारते तेच पंथालाही विचारते. बापाला हे कधी रुचलं नाही. मोठी झाली, नोकरीला लागली, दुबईत मैत्रिणींबरोबर राहायला गेली आणि हळूहळू प्रार्थनेला यायची बंद झाली. भाऊजी तिच्याबद्दल बोलताना फक्त ट्रॅफिकबद्दल बोलायचे. "शारजा-दुबई रस्ता फार वाईट, वहिनी. पोरीला येणं जमत नाही."

आणि मग या पोरीनं काय करावं? दुबईतल्या देऱ्यात, मैत्रिणीबरोबर भागीदारीत, कॉफीचं दुकान काढलं.

दूध विकलं असतं, चप्पल विकली असती. पण कॉफी.

आमंत्रण द्यायला ती स्वतः आली. मी दाराशीच होते, भाऊजींच्या घरी कढी द्यायला गेलेली. ती म्हणाली, "पपा, फ्रायडे इव्हिनिंग ओपनिंग आहे. जस्ट कम. यू डोन्ट हॅव टू ड्रिंक एनिथिंग."

भाऊजी म्हणाले, "विचारून सांगतो."

रूथचा चेहरा असा मिटला. "ऑफ कोर्स," ती म्हणाली. "आस्क देम. पण पपा, इफ दे से नो, डोन्ट कॉल मी. मला नाही ऐकायचं." आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरून गेली. मी कढीचं पातेलं धरून तशीच उभी.

भाऊजी रविवारी बिशपांना विचारून आले ते थेट माझ्या स्वयंपाकघरात. चेहरा असा, की पाकीट हरवलंय.

"काय आलं वरून?"

"काहीच नाही." खुर्चीवर बसले. "मी विचारलं, जाऊ का नको. तर म्हणे, ब्रदर भालेराव, तुम्हाला काय वाटतं? प्रार्थना करा आणि तुम्हीच ठरवा. मी म्हटलं, अहो पण वरून काय आहे? तर म्हणे, वर तुम्हीच विचारा."

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. पण त्यांच्याकडे बघून गिळलं.

"मग विचारलंत?"

"विचारलं. तिकडूनही काही नाही." मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो."

"मी काय तुमची बिशप आहे? आणि तुमचा नियम कॉफी पिण्याबद्दल आहे की लेकीच्या दुकानात उभं राहण्याबद्दल? एरवी कुकरच्या शिटीलासुद्धा जाब विचारता. इथंच कुठे जातो तुमचा कशावरून?"

जरा जोरातच बोलले मी. मी गॅसवर पाणी ठेवलं, उगीच. पाणी उकळलं, कपात ओतलं, पुढे ठेवलं. त्यांनी बशीत ओतलं नाही.

"लीला चहाबाज होती," ते म्हणाले. "दिवसातून किती वेळा प्यायची, विचारू नका. या पंथात आधी तीच आली. मी नाही. मी पुष्कळ प्रश्न विचारले, अगदी भांडलो. तिनं एका दिवसात चहा सोडला आणि मला म्हणाली, शांतवन, तुझी टॉर्च घरी ठेवून ये एकदा. मग रूथ झाली. पैसे साठवून आम्ही तिघं हाँगकाँगला गेलो. तिथं आमचं मंदिर आहे. तिथं नवराबायको आणि मुलं एकमेकांशी जोडतात, मेल्यावरसुद्धा सुटत नाही असं."

"कायमचं?"

"कायमचं. हेही वरूनच आलंय." आता त्यांनी कपाला हात लावला. "माझं काम तुम्हाला माहीत आहे. एक सांधा ठोकून पाहिला की पुढचा ठोकावाच लागतो. चहाचा ठोकला, वाराचा ठोकला, की नंबर लागत लागत त्या सांध्यापर्यंत येतो. तो मला ठोकायचा नाही, वहिनी. म्हणून मी पहिलाच ठोकत नाही."

मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. कढीपत्ता निवडायचा होता, तो निवडला. मग म्हटलं, "भाऊजी, त्या सांध्यात तिसरी रूथ आहे ना?"

"आहे."

"मग?"

ते उठले. पाणी तसंच राहिलं. दारातून म्हणाले, "शुक्रवारी किती वाजता निघायचं?"

शुक्रवारी आम्ही तिघं निघालो. भाऊजींनी सूट घातला होता, प्रार्थनेचा. मोबाईलमधली बाई उजवीकडे म्हणाली, गाडी चालवणारे भाऊजी उजवीकडे वळले. डावीकडे म्हणाली, डावीकडे वळले. आमचे हे माझ्याकडे बघायला लागले. मी डोळ्यांनीच गप्प बसा म्हटलं. एकदाही "कशावरून" झालं नाही. माणूस किती घाबरलाय, ते तेव्हा कळलं.

दुकान छोटंसं, देऱ्यातल्या एका जुन्या गल्लीत. आत कॉफीचा वास असा, की माझ्यासारखी चहावाली पण हलली. रूथ काउंटरमागे होती. बापाला दारात बघितलं आणि तिच्या हातातला कप तसाच राहिला. भाऊजी तिथंच उंबऱ्याशी. पुढे कुणी सरकेना. शेवटी मीच म्हटलं, "यल्ला, आत चला, मागे गिऱ्हाईक उभं आहे."

काउंटरशी जाऊन भाऊजी म्हणाले, "गरम पाणी मिळेल?"

"शुअर, पपा." ती खाली वाकली आणि एक कपबशी काढून ठेवली. जाड, पांढरी, खोलगट बशीची. बाकी सगळ्यांना ती कागदी पेल्यांत देत होती. मी इकडेतिकडे पाहिलं; अख्ख्या दुकानात बशी एकच होती. बाप येईल की नाही हे माहीत नसताना पोरीनं आणून ठेवलेली.

भाऊजींनी बशीत ओतलं, फुंकर घातली, भुरका मारला. कॉफीची ती शौकीन पोरंपोरी वळून बघायला लागली. "वा," भाऊजी म्हणाले.

मग त्यांची नजर दारावरच्या वेळेच्या पाटीवर गेली. आणि कपाळाला आठी पडली. नेहमीची, इन्स्पेक्टरची. मला हायसं वाटलं.

"रविवारी बंद? दुबईत सुट्टीच्या दिवशी कोण दुकान बंद ठेवतं? नुकसान होईल. मैत्रिणीला विचारलंस का?"

"विचारलं. शी थिंक्स आय ॲम मॅड."

"मग?" त्यांचा आवाज जरा खाली आला. "वरून आलंय का?"

रूथ फडक्यानं काउंटर पुसत होती. तो आधीच स्वच्छ होता. "नाही पपा," ती म्हणाली. मराठीत. "मी ठरवलंय. रविवारी चर्चवरून आल्यावर तुम्ही एकटे जेवता. मी जेवायला येणार."

भाऊजींनी खिशातून टॉर्च काढली, काउंटरच्या बाजूनं आत गेले आणि तिच्या त्या मोठ्या कॉफीच्या मशीनखाली वाकून वाफेच्या नळीचा सांधा बघायला लागले. एकदा बोटानं ठोकलाही. बराच वेळ झाला तरी त्यांचं डोकं वर येईना. आमचे हे हळूच म्हणाले, "अगं, काही गळतंय की काय?"

मी म्हटलं, "तुम्ही कॉफी प्या."

रूथनं बशीतलं गार झालेलं पाणी ओतून टाकलं आणि कप पुन्हा गरम पाण्यानं भरून ठेवला.