लंगडेपणाची सोडत

अन्याय माणूस वर्षानुवर्षं सहन करू शकतो. न्याय सोसायला मात्र आधीपासून तयारी लागते. केंटकीतल्या हॅझेल फोर्क रेसकोर्सवरच्या घोडेवाल्यांची तशी तयारी नव्हती, एवढीच त्यांची चूक. व्यवस्थापनाने आपल्या बाजूने काही कमी ठेवलं नाही.

मूळ अडचण साधी होती. मैदानाच्या मागच्या अंगाला सोळा पागा, पागांत मिळून सहाशे चाळीस ठाणं, आणि ठाण मागणारे घोडे नऊशे बारा. (घोडे स्वतः काही मागत नाहीत. त्यांच्या वतीने ट्रेनर मागतात, आणि खिंकाळतातही.) ठाण मिळालं की घोडा तिथं राहतो, रोज सकाळी त्याच मैदानावर पळतो आणि शर्यतीला तयार होतो. ठाण मिळालं नाही तरी ट्रेनरला ट्रेनर म्हणवून घेता येतं, फक्त बायकोसमोर नाही.

पूर्वी, म्हणजे तीन वर्षांमागे, ही ठाणं ब्यूएल नावाचे म्हातारे शर्यत-चिटणीस वाटत. त्यांची पद्धत अशी, की सकाळी पागांतून चालत जायचं, घोड्याच्या पायावरून हात फिरवायचा, ट्रेनरच्या तोंडाकडे बघायचं आणि मनातल्या मनात आकडा ठरवायचा. नाताळात त्यांच्या घरी डुकराच्या खारवलेल्या मांड्या भेट म्हणून पोचत. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध कधी सिद्ध झाला नाही. पण मांडी पाठवणाऱ्याला सरासरी साडेअकरा ठाणं आणि न पाठवणाऱ्याला सात, हा हिशेब हॉलिस टॅकेटने पागेच्या दारावर खडूने मांडून ठेवला होता.

हॉलिसची ठाणं सहा. वय त्रेसष्ट, त्यातली चाळीस वर्षं याच पागांत गेलेली. त्यानेही दोन नाताळ मांडी पाठवून पाहिली होती. ठाणं सहाच राहिली. (त्याच्या बायकोच्या मते मीठ जास्त झालं होतं. याला आधार नाही.) म्हणून घोडेवाल्यांनी जेव्हा व्यवस्थापनाकडे "आम्हाला न्याय हवा" असा अर्ज दिला, तेव्हा त्यावर पहिली सही हॉलिसची होती. ब्यूएल निवृत्त झाले. निघताना ते हॉलिसच्या पागेपाशी थांबले.

"न्याय मागितलास, बरं केलंस," ते म्हणाले. "मी होतोच लबाड. पण तुझी कुठली घोडी सकाळी कुठला पाय आधी टेकते, ते मला ठाऊक होतं बघ."

हॉलिसने ही गोष्ट मनावर घेतली नाही. पराभूत माणूस असं काहीतरी बोलतोच.

अर्ज मंजूर होऊन 'न्याय्यता व ठाण-उपयोग विभाग' सुरू झाला आणि त्याच्या प्रमुखपदी कॅसिडी व्हॅनअर्सडेल नावाच्या बाई आल्या. बाईंनी अकरा वर्षं सिनसिनाटीत वाहनतळांचं व्यवस्थापन केलं होतं. त्या सज्जन, वक्तशीर आणि शाकाहारी होत्या. त्यामुळे मांडीचा प्रश्न मुळातूनच निकालात निघाला. त्यांनी काढलेल्या नियमपुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठाणाची व्याख्या होती: 'एक घोडा उभा करण्याची जागा.' मोटार आणि घोडा यांतला फरक चौथ्या पानावर विचारात घेतला होता. (घोड्याला तो वापरात नसतानाही चंदी लागते.)

मुख्य नियम असा होता. प्रत्येक ठाणातल्या घोड्याचं नाव अठ्ठावीस दिवसांत निदान एकदा तरी शर्यतीला घातलं गेलं पाहिजे. नाही घातलं, तर ते ठाण निष्क्रिय. आणि एक ठाण निष्क्रिय ठरलं, की त्या ट्रेनरची सगळीच ठाणं फेरवाटपात जमा होतील. कारण एकट्याच ठाणावर कारवाई करणं हा त्या ठाणावर अन्याय होईल.

घोडेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. हॉलिसनेही वाजवल्या.

मार्चच्या मध्यावर हॉलिसच्या घोडीच्या पुढच्या डाव्या पायाची शीर सुजली. घोडीचं नाव आंट वर्ना, वय पाच वर्षं. तिच्या आईला वीण जड गेली तेव्हा हॉलिसने स्वतः कोपरापर्यंत हात घालून तिला बाहेर ओढलं होतं. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला आणि नव्वद दिवस सांगितले: हाताने फिरवायचं, थंड पाण्याची धार सोडायची, पळवायचं नाही. त्याआधी पळवली तर शीर तुटेल. आणि त्यानंतर घोडीच्या बाबतीत करण्यासारखं एकच काम उरतं, ते मालकाने पाहायला थांबायचं नसतं.

नव्वद दिवस आणि अठ्ठावीस दिवस यांचा मेळ घालायला हॉलिस बाईंच्या कचेरीत गेला.

"मॅडम, घोडी लंगडतेय."

"ऐकून वाईट वाटलं, मिस्टर टॅकेट. लंगडण्याची नोंद झालीय का?"

"तिच्या पायात झालीय."

"आमच्या नोंदवहीत?"

नोंदवहीत ती झालेली नव्हती. आजारी घोड्याला सवलत होती, नव्हती असं नाही. चौदा दिवसांची होती आणि आजारी घोड्यांच्या यादीत नाव असणाऱ्याला ती आपोआप मिळे. यादीत नाव जायला डॉक्टरांनी घोड्याला शर्यतीच्या दिवशी सकाळी अपात्र ठरवावं लागे. शर्यतीच्या दिवशी अपात्र ठरायला घोड्याचं नाव त्या शर्यतीत घातलेलं असावं लागे. थोडक्यात, घोडी पळू शकत नाही हे सिद्ध करायचं, तर ती पळणार असं आधी लिहून द्यायला हवं होतं. यात गैर काही नाही; लग्नही याच तत्त्वावर चालतं.

ही वाट हॉलिसला दाखवली ती नावं घेण्याच्या खिडकीतल्या लर्लीन स्कॅग्जने. लर्लीनला स्वतःची चिंता होती. सहापेक्षा कमी नावं आली की शर्यत रद्द होते, म्हणून ती सकाळपासून फोन कानाला लावून घोडेवाल्यांच्या विनवण्या करत असे.

"हॉलिस, तुला डोकं दिलंय ते नुसती टोपी अडकवायला का? घाल नाव. शर्यतीच्या सकाळी डॉक्टर येईल, लंगडी म्हणून नाव काढेल. ठाण तुझं वाचलं, सवलत घोडीला मिळाली, माझी शर्यत भरली."

"पण ती पळणार नाही, हे तुला आत्ताच ठाऊक आहे."

"मला ठाऊक असून काय उपयोग? मी खिडकी आहे."

हॉलिसने नाव घातलं. डॉक्टरांनी काढलं. पंधरवड्याने पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. मधल्या काळात त्याचा मोतद्दार एउसेबिओ रोज दोनदा अर्धा-अर्धा तास घोडीच्या पायावर थंड पाण्याची धार सोडत बसे. तो ग्वाटेमालाचा, घोड्यांशी स्पॅनिशमध्ये बोलत असे आणि घोड्यांना ते कळत असे.

"घोडी खुशीत आहे, मालक," तो म्हणे. "दर पंधरा दिवसांनी पेपरात नाव. माझं तर लग्नातसुद्धा कुणी छापलं नव्हतं."

चांगल्या पद्धतीचा प्रसार व्हायला वेळ लागत नाही. दोन महिन्यांत अडुसष्टपैकी एकसष्ट ट्रेनर आपापले लंगडे घोडे नियमाने शर्यतीत घालू लागले. तिमाही अहवालात म्हटलं होतं, की शर्यतींना येणाऱ्या नावांत एक्केचाळीस टक्क्यांची भरघोस वाढ झाली आहे. (प्रत्यक्ष पळणाऱ्या घोड्यांची सरासरी सात पूर्णांक तीनवरून चार पूर्णांक एकवर आल्याची नोंद तळटीपेत होती.) एका शर्यतीत एकच घोडा उरला. त्याच्या जॉकीने वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं. सवय.

त्या तिमाहीचं 'सर्वाधिक सक्रिय ठाण' म्हणून आंट वर्नाच्या ठाणावर पितळी पाटी ठोकण्यात आली. फोटोवाल्याने तिला मान वर करायला सांगितलं, पण ती खात होती.

आता उरलेल्या सात ट्रेनरांचं दुखणं असं, की त्यांचे घोडे धडधाकट होते. आम्ही पळवायचं आणि पाट्या लंगड्यांना, हा कुठला न्याय? त्यांनी अर्ज दिला. बाईंनी तो दोनच दिवसांत मार्गी लावला आणि एका बुधवारी संध्याकाळी परिपत्रक क्रमांक बावीस निघालं: 'लंगडेपणाच्या सवलतीचं समन्यायी वाटप.' यापुढे एका शर्यतीत दोघांनाच सवलत. ते दोघे कोण, हे सोडतीने ठरेल आणि त्यांची नावं शर्यतीतून आपोआप निघतील. सोडतीसाठी चामड्याची तीच जुनी बाटली आणि आकडे घातलेल्या त्याच गोळ्या वापरल्या जातील, ज्यांनी साठ वर्षं घोड्यांच्या सुरुवातीच्या जागा ठरत आल्या आहेत आणि ज्यांवर कुणी कधी शंका घेतली नाही. डॉक्टरांचं मत आदरपूर्वक नोंदवून घेतलं जाईल. मात्र सोडत सगळ्याच घोड्यांसाठी खुली राहील. निव्वळ तब्येत चांगली आहे म्हणून एखाद्या घोड्याला वगळणं हा उघड भेदभाव होईल. सवलत न मिळता ज्याने नाव काढलं, त्याचं ठाण निष्क्रिय. अंमल उद्यापासून.

उद्याच्या पाचव्या शर्यतीत आंट वर्नाचं नाव होतं. दिवस शहात्तरावा.

गुरुवारी सकाळी नऊला सोडत निघाली. पाचव्या शर्यतीत आठ नावं होती. सात लंगडे, आणि डेल्फीन गिल्रॉय बाईंचा एक ठणठणीत तांबूस घोडा. डॉक्टरांनी हॉलिसला बाजूला घेऊन सांगितलं, "पाय छान भरतोय. आणखी दोन आठवडे दे. आज पळवलीस तर माझं तोंड बघू नकोस." मग त्यांनी आपलं मत आदरपूर्वक नोंदवून दिलं.

लर्लीनने बाटली हलवली. आंट वर्नाची गोळी चार नंबरची. पहिली गोळी आली सहा. ती एका लंगड्याचीच होती. त्याच्या ट्रेनरने टोपी काढून तोंड झाकलं. दुसरी आली तीन.

"अहो, तीन नंबर माझा!" गिल्रॉय बाई ओरडल्या. "माझा घोडा ठणठणीत आहे!"

"अभिनंदन," व्हॅनअर्सडेल बाई म्हणाल्या. "शिवाय आता त्याला सवलतही आहे."

"मला नको ती. हॉलिसला द्या. त्याची घोडी मरेल, बाई!"

"सवलतीचं हस्तांतर करता येत नाही. आज तुम्ही मिस्टर टॅकेटना सवलत द्याल, नाताळात ते तुम्हाला काही पाठवतील. आपण पुन्हा होतो तिथेच."

लर्लीन बाटली हातात धरून तशीच बसली होती. "मी आणखी एक गोळी चुकून पाडू शकते," ती हळूच म्हणाली. पण तोवर बाईंनी निकालावर शिक्का मारला होता.

हॉलिस त्यांच्या टेबलापाशी गेला. मागच्या भिंतीवर घोडेवाल्यांचा मूळ अर्ज चौकटीत लावला होता.

"पहिली सही तुमचीच आहे, मिस्टर टॅकेट," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरोखरच आपुलकी होती. "तुमच्यामुळे मी इथं आले. आता तुमच्यासाठीच नियम वाकवला, तर तुम्हाला काय वाटेल?"

याचं जे उत्तर हॉलिसला सुचलं ते बाईंना सांगण्यासारखं नव्हतं.

"घोडी तीन चाळीसला पळेल," बाई म्हणाल्या, "किंवा सहाही ठाणं चारपर्यंत रिकामी होतील. दोन्ही पर्याय तुम्हाला सारखेच उपलब्ध आहेत."

पागेत एउसेबिओने पट्ट्या बांधून ठेवल्या होत्या. हॉलिस वाकला, घोडीच्या पायावरून वरून खाली हात फिरवला. पाय गार होता. शहात्तर दिवसांपूर्वी तो तव्यासारखा तापला होता.

"पळवायची, मालक?"

"सहा घोडे आहेत, एउसेबिओ. इथून निघालो की यांना पळवायला मैदान नाही. मैदान नाही तर शर्यत नाही. चाळीस वर्षं झाली मला इथं."

"हो."

"मेव्हण्याची तंबाखू वाळवायची कोठी रिकामी आहे. सत्तर मैल. छप्पर बरं आहे, असं तो म्हणतो. खोटारडा आहे, पण छप्पर दिसतं बाहेरून."

एउसेबिओने घोडीच्या मानेवर थोपटलं. "तिथं गार पाणी आहे?"

"विहिरीचं आहे."

"मग झालं," एउसेबिओ म्हणाला आणि बादल्या गोळा करू लागला.

साडेतीनला सहाही ठाणं झाडून रिकामी झाली होती. विभागाच्या नोंदीप्रमाणे मुदतीच्या तीस मिनिटं आधी, म्हणजे उत्तम सहकार्य.

तीन चाळीसला पाचवी शर्यत सुटली. पाच घोडे, पाचही लंगडे. थरोब्रेड जातीच्या इतिहासात इतके समसमान घोडे एका रेषेवर कधी उभे राहिले नसतील. कुणालाच कशाचा अंदाज नसल्यामुळे तिकिटांच्या खिडक्यांवर वर्षातली सर्वांत मोठी गर्दी झाली. दोघे पहिल्या वळणावर थांबले. त्यांच्यासाठी, पुढचं लोकांना दिसू नये म्हणून, हिरवी कनात नेण्यात आली. तिसरा मैदानाच्या पलीकडच्या कडेला मागे पडला. उरले दोन. शेवटच्या टप्प्यावर ते दोघे खांद्याला खांदा लावून आले, दोघांच्याही माना प्रत्येक ढांगेला खाली जात होत्या, लोक खुर्च्यांवर चढले होते, आणि रेषा दहा हातांवर असताना आतल्या बाजूच्या घोड्याने मान पुढे काढली.

त्याच वेळी हॉलिसची गाडी मोठ्या रस्त्याला लागली होती. मागच्या फळीवरून आंट वर्ना बाहेर बघत होती.

त्या दिवसाविषयी रेसकोर्सच्या कचेरीत आतापर्यंत तीनशे तेरा पत्रं आली आहेत. पैकी एक एउसेबिओचं. त्याचा गमबूट मागे राहिला होता. उरलेली तीनशे बारा पाचव्या शर्यतीत अखेर पहिला कोण आला, एवढंच विचारतात. कनातीमागे काय झालं, किंवा आंट वर्नाचा पाय बरा झाला का, हे विचारणारं अजून एकही नाही. आपणही आत्ता मागच्या ओळींवर परत नजर फिरवलीत, ती घोडीसाठी नव्हती. त्या घोड्याचं नाव तिथं दिलेलं नाही. आपलं पत्र धरून एकूण तीनशे चौदा.