लाल चिंधीचा पंप

मनोजचं एक ठाम मत होतं. बागेला प्रेम लागत नाही, गाणी ऐकवावी लागत नाहीत, झाडांशी गोड बोलणं तर मुळीच लागत नाही. बागेला लागतो पंप!

"कास्तकाराचं पोट्टं हाय मी," अकोल्याच्या स्टँडवर बायकोला, रागिणीला, एसटीत बसवताना त्यानं छाती फुगवली. "बारा एकर कपाशीची पऱ्हाटी फवारली या हातानं. तुह्या चौतीस कुंड्या म्हणजे काय, नाश्ता!"

रागिणी मामेबहिणीच्या लग्नाला शेंदूरजनाघाटला चालली होती, पण जीव अंगणात अडकला होता. रविवारी सकाळी दहाला 'सुंदर अंगण' स्पर्धेचे परीक्षक कॉलनीत येणार होते. मागच्या वर्षी शेजारच्या बेबीताईंनी तिला एका मार्कानं हरवलं होतं. यंदा तिच्याकडे हुकमाचं पान होतं. माहेरच्या बागेतून आणलेलं संत्र्याचं झाड, निळ्या ड्रममध्ये लावलेलं, सहा वर्षांनी पहिल्यांदा फळलं होतं. पाच संत्री! सकाळी चहाच्या आधी ती मोजायची. पाचची सहा झाली असतील, असा काहीतरी हिशोब असावा.

"आयका," ती खिडकीतून म्हणाली. "सकाळी मातीत बोट घालून पाहाजा. कोरडी असली तंच पाणी. कैचीले हात नाही, खताले हात नाही. मावा दिसला तं साबणाच्या पाण्यानं पुसून काढजा. अन् संत्र्याकडे तं पाहूबी नका!"

"पाहूबी नको?"

"तुमची नजर चांगली नाही."

शुक्रवारी जास्वंदीवर मावा दिसला, बारीक चिकट किड्यांचा थर. पुसून काढायचा? एकेक पान? फडकं घेऊन? मनोजला हसूच आलं. त्यानं गाडीला किक मारली आणि अकोटजवळचं गाव गाठलं. मोठा भाऊ नितेश कापूस घेऊन जिनिंगवर गेलेला, चंदावहिनी वावरात. गुरांच्या कोठ्यात फवारणीचा पंप टांगलेला होता. पंपाच्या गळ्याला लाल चिंधी.

'दृष्ट लागू नये म्हणून बांधली असन,' मनोजनं मनातल्या मनात पंपाला नमस्कार केला आणि तो उचलला. घरी आल्यावर चिंधी सोडून संत्र्याच्या खोडाला बांधली. नजरेचाही बंदोबस्त झाला!

शनिवारी सकाळी आठला त्यानं निंबोळी अर्काचा असा मारा केला की कुंड्या, भिंत, बेबीताईंच्या वाळत घातलेल्या दोन चादरी, सगळ्यांना कडू वास यायला लागला. संत्र्याला तर दोनदा. मग पंप पाठीवर घेऊन फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत नितेशचा फोन.

"मन्या, पंप कुठून उचलला बे?"

"कोठ्यातून. काहून?"

"त्याले लाल चिंधी होती काय?"

"होती न. संत्र्याले बांधली."

 अजून जिनिंगवरच अडकलेल्या नितेशचा आवाज आला, मयतीत बोलतात तसा हळू. "अबे, चिंधी तणनाशकाच्या पंपाले बांधतेत! चुकून पऱ्हाटीवर जाऊ नये म्हणून! मंगळवारीच त्यानं धुऱ्याबांधावरचं गवत जाळलं मी!"

 गावात शेंबड्या पोराला कळतं ते, बावीस वर्षं ऑफिसच्या खुर्चीत बसून तो विसरला होता.

"दादा, आता?"

"संध्याकाळपर्यंत माना टाकतीन. धू लवकर! गुळाचं पाणी मार, त्यानं झाड सावरते! औषध पानातून आत जाते अन् मुळाले धरते!"

मनोजनं संत्र्याकडे पाहिलं. एक पान हललं. मरताना हलतात तसंच!

पुढच्या तासात टाकी अर्धी झाली. पानं धुतली, उलटी करून धुतली, शाम्पू लावला. मग डब्यातला सगळा गूळ बादलीत. गुळाचं पाणी पडायचा अवकाश, मुंगळ्यांनी कुंपणापलीकडच्या नातलगांनाही निरोप धाडला.

"मनोजभाऊ, काय करून रायले?" बेबीताई भिंतीवरून डोकावल्या.

"अभिषेक!"

"जास्वंदीले?"

"नवसाची मानता होती!"

पण मुळांचं काय? औषध खाली उतरलं असेल तर? मनोजनं पहिली कुंडी उपडी केली. मग दुसरी. बारा वाजेपर्यंत चौतीस झाडं उपटून, मुळं न्हाणीत खळखळून धुऊन, ओल्या पोत्यांवर हॉलमध्ये ओळीनं निजवलेली. दिवाणावर शेवंती, सोफ्यावर गुलाब. वर पंखा चारवर. काळी माती फरशीवर अशी पसरली की पेरायचंच बाकी होतं. मोगऱ्याच्या पानांवर एक पिवळा ठिपका दिसला आणि त्यानं डोळे मिटून दाढीच्या कैचीनं मोगरा चोपून काढला.

राहिलं संत्र्याचं झाड. ड्रम काही हलेना. त्यानं ढकलला, मिठी मारून ओढला, कंबर कडकन वाजली. विष पानातून आत जातं ना? मग पानंच नकोत! भर उन्हात स्टुलावर उभं राहून तो एकेक पान तोडायला लागला. दर पानाला रागिणीचा चेहरा दिसत होता, आणि दर चेहरा आधीच्यापेक्षा मोठा होत होता. चार वाजता शेवटचं पान गळालं. काड्यांचा सांगाडा, त्याला पाच संत्री! टक्कल करून कोणी झुमके घातल्यासारखं.

"भाऊजी," फोनवर चंदावहिनी होती. "आमचा नवा पंप तुमी नेला काय?"

"नवा?"

"हो नं. दसऱ्याले पूजा केली, लाल कपडा म्याच बांधला. अजून पाण्याचा थेंब नाही गेला त्यात. तणनाशकाचा तं शेजारचे पुंजाजी मागून घेऊन गेले बुधवारी. तुमच्या दादाले कुठं मालूम? थे घरात पाह्यतेतच कुठं!"

मनोज हॉलमध्ये आला. पंख्याखाली चौतीस झाडं सुकून बोंबलासारखी झाली होती. एकही औषधानं मेलेलं नव्हतं. सगळी वाचवल्यामुळं मेली होती!

तेवढ्यात फाटक वाजलं. बॅग हातात घेऊन रागिणी उभी. "झोपच नाही लागली बाप्पा, वरात सोडून आली. माझी संत्री..."

ती थांबली. तिनं रिकाम्या कुंड्या पाहिल्या, दारातून आत सोफ्यावरचे गुलाब पाहिले आणि मग झाडासमोर जाऊन पाच संत्री मोजली. दोनदा.  मनोजला वाटलं, ओरडली असती तर बरं!

"रागिणी, मी फक्त..."

"पंप आणला?"

"आणला. पण थो चांगला निघाला."

भिंतीवरून बेबीताईंचा आवाज आला, लोण्यात घोळलेला. "रागिणीताई, झाड फुटन बरं परत. जीव हाय त्यात. फक्त उद्या दहाच्या आत नाही फुटायचं!"

रागिणीनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं खोडाची लाल चिंधी सोडली, झटकली, एक मुंगळा उडवला. मग मनोजचा हात धरला आणि मनगटाला पक्की दुहेरी गाठ मारली.

"हे काय?" मनोज चाचरला.

"लाल चिंधी तणनाशकाले बांधतेत न? राहू द्या. लोकायले लांबूनच समजलं पाह्यजे."

ती आत गेली. मनोज मनगट चोळत उभा राहिला. मग हळूच जास्वंदीच्या रिकाम्या कुंडीकडे वाकला. कडेला तुटून पडलेल्या एका पानावर मावा होता. सगळा. गुळामुळं चांगला गुटगुटीत झालेला!