सबनीसांनी चालू ठेवलेली एकच गोष्ट

सबनीस साहेब खोलीतून बाहेर पडले की पंखा बंद व्हायचा. खोलीत आणखी कोण बसलंय याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे. कोलशेतच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात ऐन मे महिन्यात आम्ही ड्रॉइंगवाले घामाने निथळत असायचो आणि दारातून त्यांचा आवाज यायचा, "हे कोणी चालू ठेवलंय?" उत्तराची वाट बघायची पद्धत नव्हती. नळ, दिवे, कॅन्टीनमधला रेडिओ, त्यांच्या तावडीतून काही सुटत नसे. एकदा मॅनेजर आत बसलेले असताना त्यांनी मॅनेजरांच्याच केबिनचा एसी बंद केला होता. वर त्यांनाच म्हणाले, "तुम्ही आहात होय? आवाज नव्हता म्हणून वाटलं रिकामी आहे."

मी तिथे लागले ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. ड्रॉइंग विभागात एकच युनिक्स कॉम्प्युटर होता आणि त्याचे कर्तेकरविते सबनीस. उंच, किडकिडीत, शर्टाची वरची गुंडी लावलेली. कोपर गावात एकटेच राहायचे. सकाळी आले की चप्पल टेबलाखाली सरकवायचे आणि मशीनमध्ये त्या वेळी काय काय चालू आहे त्याची यादी पडद्यावर काढायचे. आपण एखादं काम संपवून उठून गेलो तरी त्याचं शेपूट आत वळवळत राहतं आणि मशीनची ताकद खातं, हे मला त्यांनीच शिकवलं. यादीत प्रत्येकाला एक नंबर असतो. तो नंबर देऊन त्याला थांबवायचं.

"आधी नुसतं सांगायचं, बाबा रे, आवर आता," ते मला म्हणाले. "शहाणा असेल तर आपलं सामान आवरून जातो. नाहीच ऐकलं, तर नऊ नंबर."

नऊ नंबर म्हणजे मानगूट धरून बाहेर. त्या हुकमापुढे कोणाचं काही चालत नाही. हा नऊ नंबर सबनीसांच्या तोंडात इतका बसला होता, की कॅन्टीनमध्ये कोणी लांबलचक गप्पा मारायला लागला तरी ते म्हणायचे, "आता ह्याला नऊ नंबर लावायला हवा."

या उत्साहात गफलतीही व्हायच्या. एकदा त्यांनी यादीतल्या छपाईचं काम बघणाऱ्यालाच रिकामटेकडा समजून हाकललं आणि दिवसभर आम्ही प्रिंटरला थापट्या मारत बसलो. आणि एकदा तर ज्याच्या जोरावर ते स्वतः मशीनमध्ये शिरले होते त्याचाच नंबर दाबला. पडदा गेला. सबनीसांनी दोन-तीन कळा दाबून पाहिल्या. मग म्हणाले, "अगं सुमन, मी मलाच काढलं की!"

आता असा हा माणूस. पण हा कॉम्प्युटर मात्र त्यांनी कधीच बंद केला नाही. रात्री नाही, रविवारी नाही, दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा नाही. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, तर मॅनेजरांशी भांडून त्यांनी त्याच्यासाठी बॅटरी मिळवली होती आणि त्या बॅटरीची ते तान्ह्या पोरासारखी काळजी घ्यायचे. मला राहवेना. वीस वॅटचा दिवा ज्याला खपत नाही, त्याला हे कसं खपतं?

मग मी चौकश्या सुरू केल्या. मला आधीपासून एक गोष्ट माहीत होती, पण मी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. दुपारी चारला तो कॉम्प्युटर टीं टीं करायचा, पडद्यावर रोमन अक्षरांत एक ओळ यायची, आणि सबनीस निमूट उठून कॅन्टीनला चहाला जायचे. एरवी या माणसाला जेवायचीही शुद्ध नसे. एक दिवस ते जागेवर नसताना मी ती ओळ वाचली. "सबनीस, ऊठ. च्या."

नंतर ते यादी साफ करत होते तेव्हा मी मागे उभी राहिले. एकेक नंबर उडत होता. त्यात एक जण दिवसभर नुसता झोपून होता. त्याचं नाव 'भोईर'.

"साहेब, हा झोपलाय. ह्याला नाही काढत?"

"त्याला हात लावायचा नाही," ते म्हणाले. इतक्या तुटकपणे ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. थोड्या वेळाने आपणहून खुर्ची वळवली. "नारायण भोईर. इथलाच, कोलशेत गावातला. हे मशीन आम्ही दोघं बघायचो. मला पित्ताचा त्रास. मी उपाशी बसून राहतो म्हणून रोज चारला दंड धरून उठवायचा. मग कंटाळला आणि मशीनमध्ये हा प्रोग्रॅम लिहून ठेवला. म्हणाला, आता माजी जबाबदारी संपली. दोन महिन्यांत हार्ट अ‍ॅटॅकने गेला."

"मग ह्याची एक प्रत काढून ठेवू या ना."

"त्या प्रोग्रॅमची फाइल मीच पुसली. तो असतानाच. साफसफाई करत होतो ना!" ते हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "आधीच चालू झालेलं होतं म्हणून चालू राहिलं. मशीन बंद झालं की संपलं."

मी म्हणाले, तसंच मी पाच मिनिटांत लिहून देते. ते म्हणाले, "देशील गं. पण ते तू लिहिलेलं असेल."

त्याच वर्षी सन दोन हजारची धास्ती सगळीकडे पसरली. जुनी मशीनं तारखा चुकवणार म्हणून मॅनेजरांनी नवा कॉम्प्युटर मागवला. जुना शुक्रवारी बंद करायचा ठरला. सबनीस भांडतील असं मला वाटत होतं. ते एका शब्दाने भांडले नाहीत, आणि मला त्याचीच भीती वाटली.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी आत आले तर ते एकटेच यादी उघडून बसले होते. यादीत त्यांनी बाकी काही ठेवलं नव्हतं.

"नऊ नंबर नाही लावला," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "नुसतं सांगितलं. लगेच गेला बघ. भोईर शहाणा होता." मग त्यांनी मशीन बंद केलं. त्याच्या पंख्याची घरघर थांबली.

दुपारी ते नव्या कॉम्प्युटरपुढे बसले. नवं मशीन, नवी यादी, त्यात नको असलेल्यांची ही गर्दी. सबनीस हात धुऊन त्यांच्या मागे लागले होते. चार वाजले, सव्वाचार झाले. टीं टीं नाही. सबनीस मान वर करीनात.

मी टेबलापाशी गेले. मोठ्या माणसाचा दंड कसा धरायचा, म्हणून टेबलावर दोनदा टकटक केलं.

"सबनीस साहेब, उठा. च्या."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे कोणी चालू केलं?"

"मी."

त्यांनी टेबलाखाली पायाने चप्पल शोधली आणि उठले.

"बरं," ते म्हणाले, "राहू दे चालू."